वाचू नको, पाहून सांग

“तू त वाचून राहिली वं बाई. मले पाहून सांग नं.”

शेजारच्या काकूंचं हे वाक्य माझ्या टॅरोच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. टॅरो म्हणजे चित्रांचे पत्ते, ज्यांवरून लोक भविष्य पाहतात. २०२२च्या मे महिन्यातली दुपार होती. नागपूरचा मे म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नाही, खिडकीतल्या कूलरच्या खसावरून पाणी ठिबकतंय, आणि पत्ते उडू नयेत म्हणून मी पंखा हळू केलेला. काकू मूळच्या काटोलकडच्या. त्यांच्या थोरल्याचं लग्न जमत नव्हतं, तीन ठिकाणी बोलणी होऊन मोडली होती. मी नुकती शिकत होते, आणि कुणी आपणहून विचारायला आलंय याचाच मला मोठा आनंद होता. पत्ते पिसले, काकूंकडून काटून घेतले, तीन पत्ते ओळीने मांडले. पहिला ओळखीचा निघाला. दुसऱ्यावर अडखळले. तिसऱ्याला डोकं कोरं. मग डब्यातली छोटी इंग्रजी पुस्तिका काढली, पान शोधलं आणि मनात मराठी करत करत वाचायला लागले. दोन वाक्यं झाली असतील नसतील, काकू हे बोलल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच कुणीतरी पाहून सांगायला हवं होतं.

अलीकडे नव्याने शिकणाऱ्या दोघी-तिघी मला विचारतात की कुठे अडतं, किती दिवसांत येतं, अर्थ लक्षात कसे ठेवायचे. फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून बसले आहे. मी कुणाची गुरू नाही. पैसे घेऊन पत्ते पाहत नाही. चार वर्षांत माझं जिथे जिथे अडलं, तेवढंच लिहिते.

मी धरमपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एकवीस वर्षं रक्त काढते आहे. सकाळी साडेसहाला उपाशीपोटीवाल्यांची रांग, जांभळ्या टोपीची ट्यूब, राखाडी टोपीची ट्यूब, दंडाला पट्टा, “मूठ आवळा, आता सोडा.” संध्याकाळी रिपोर्ट द्यायचे. रिपोर्टचं पाकीट हातात घेताना माणसं पाकिटाकडे पाहत नाहीत, माझ्या तोंडाकडे पाहतात. २०२१चा एप्रिल नागपुरात ज्यांनी काढला त्यांना वेगळं सांगायला नको. त्या महिन्यात मी चेहरा कोरा ठेवायला शिकले, आणि नंतर तो तसाच राहू लागला. वर्षाच्या शेवटी भाची नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तिचा पत्त्यांचा डबा माझ्या कपाटात राहिला. झोप येत नसे तेव्हा मी तो उघडायला लागले. सुरुवात ती एवढीच.

पहिली अडचण सगळ्यांची सारखीच असते, पाठांतराची. पत्ते अठ्ठ्याहत्तर. त्यातले बावीस मोठे, म्हणजे मेजर अर्काना. उरलेले छप्पन्न चार घरांत, प्रत्येक घरात चौदा. काठ्या, पेले, तलवारी, नाणी. आपले नेहमीचे किलवर, बदाम, इस्पिक, चौकट मांडले की ही चार घरं त्यांच्याशी जोडता येतात. ज्यांच्या घरी उन्हाळाभर मेंढीकोट चालायचा त्यांना हे पटकन समजतं. मी शाळेतल्यासारखा तक्ता केला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे चिकटवला. पोळ्या लाटताना पाढे म्हणावेत तसे म्हणायची. तलवारीची तीन, मनाला घाव. पेल्यांची आठ, सोडून निघणं. होळीपर्यंत सगळे पाठ झाले. आणि मे महिन्यात काकू समोर बसल्या तेव्हा एक आठवेना.

मला तेव्हा वाटलं, पाठांतर कमी पडलं. म्हणून अजून दोन महिने घोकलं. ते चुकीचं औषध होतं, हे कळायला माझंच काम उपयोगी पडलं.

रिपोर्टवर प्रत्येक आकड्यासमोर रेंज छापलेली असते. शिकाऊ मुलं आली की आधी ती रेंज पाठ करतात आणि त्यांना वाटतं आता रिपोर्ट कळतो. समजा हिमोग्लोबिन ८ आलं. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण खूप. सिकलसेलची एखादी मुलगी वर्षानुवर्षं आठावरच असते, तेच तिचं नेहमीचं असतं, ती कॉलेजला जाते, गरबा खेळते. आणि मागच्या महिन्यात चौदा असलेला माणूस आज आठावर आला, तर मी आमच्या मॅडमना तडक फोन करते. आकडा तोच. म्हणून तर रिपोर्टच्या खाली छापलेलं असतं की लक्षणांशी ताडून पाहावं. वीस वर्षं ती ओळ मी रोज डोळ्याखालून घालत होते. पत्त्यांच्या बाबतीत मात्र मी नुसती रेंज पाठ करत बसले होते. समोरच्या माणसाकडे पाहतच नव्हते. त्यात लॅबमधला तो कोरा चेहराही मी टेबलावर घेऊन येत होते.

मग तक्ता काढून टाकला. रोज पहाटे लॅबला निघण्याआधी एक पत्ता काढायचा, मोबाइलवर दहा मिनिटं लावायची आणि वहीत फक्त दिसतं ते लिहायचं. ‘दुःख’ लिहायचं नाही, ‘आशा’ लिहायचं नाही. अंगात काळा झगा, मान खाली, पुढे तीन पेले कलंडलेले, मागे दोन उभे, नदी, पलीकडे जायला पूल. एवढंच. पहिल्या आठवड्यात तीन मिनिटांत संपायचं, आणि उरलेली सात मिनिटं फार जड जायची. ती सात मिनिटं सोडू नका. सातव्या-आठव्या मिनिटाला पूल दिसतो. मला पेल्यांच्या पंज्यातला पूल दिसायला सहा वेळा तो पत्ता काढावा लागला.

हा जो डबा बहुतेक जण शिकायला घेतात, त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईंनी काढली. १९०९ साली, लंडनमध्ये. ए. ई. वेट यांनी कल्पना दिली, रायडर कंपनीने छापला, म्हणून नाव पडलं रायडर-वेट. चित्रं काढणारीचं नाव कित्येक वर्षं त्यात नव्हतं. त्याआधीच्या बहुतेक डब्यांत लहान पत्त्यांवर नुसत्या खुणा असत, पाच पेले म्हणजे पाच पेले, आपल्या पत्त्यातल्या पंजीसारखे. या बाईंनी जवळपास सगळ्या लहान पत्त्यांत माणसं, प्रसंग, हवा-पाणी भरलं. त्या कामाचे पैसे फार थोडे मिळाले, आणि १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या एका लहान गावात त्या गेल्या तेव्हा हाताशी जवळपास काही नव्हतं. पत्त्यांच्या कोपऱ्यात त्यांची लहानशी सही असते, वेलबुट्टीसारखी गुंफलेली. नवीन शिकणारीला मी पहिल्या दिवशी ती सही शोधायला सांगते. सही शोधायला म्हणून चित्र डोळ्यांजवळ धरावं लागतं, आणि एकदा जवळ धरलं की बाकीचंही दिसतं.

भाषेचं अडणं मी सोसलं तसं खूप जणी सोसत असतील. पुस्तकं इंग्रजीत, व्हिडिओ हिंदीत, आणि समोरची बाई बोलते वऱ्हाडीत. ‘टेम्परन्स’ला मी ‘संयम’ म्हणायची. समोरचे मान हलवायचे आणि विषय तिथेच संपायचा. त्या पत्त्यात एक देवदूत एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओततो, एक पाय जमिनीवर, एक पाण्यात. एकदा लॅबमधल्या मावशींना तो नुसता दाखवला. त्या म्हणाल्या, “दूध गार करून राहिला.” लेकराला द्यायचं दूध गंजातून पेल्यात, पेल्यातून गंजात. फार गरम नको, पार थंडही नको, आणि सांडू द्यायचं नाही. ‘संयम’ या शब्दात हे एवढं कुठून येणार? तेव्हापासून मी आधी चित्राचं नाव घेत नाही.

पण यातही एक घसरण आहे, आणि मी तिच्यावरून घसरले आहे. मग मी प्रत्येक पत्त्याला आपलं काहीतरी चिकटवायला लागले. एम्प्रेस, म्हणजे सम्राज्ञीचा पत्ता, ती लक्ष्मी, चॅरिअट म्हणजे अर्जुनाचा रथ. रथाच्या पत्त्यात कृष्ण नाहीच. घोडेही नाहीत, एक काळा आणि एक पांढरा असे दोन स्फिंक्स बसलेले आहेत, आणि लगाम दिसतच नाही. अर्जुनाचा रथ म्हटलं की हे सगळं डोळ्यांआड जातं. ओळखीचं सापडलं की डोळे पाहायचं थांबवतात. नाण्यांची पंजी घ्या, बर्फात चाललेले दोन गरीब. नागपूरकराला बर्फ कुठला माहीत? तरी त्याला मे महिन्यातलं डांबर करू नये. बर्फ बर्फच राहू द्यावा आणि समोरच्याला विचारावं की थंडी कुठली. मावशींनी दूध स्वतः पाहिलं होतं. मी लक्ष्मी आणून बसवली होती. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

बाबांना हे कळलं तेव्हा घरात दोन दिवस शांतता होती. माझे बाबा निवृत्त शिक्षक, विज्ञान शिकवायचे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या सभांना सायकलवर जायचे, मला कॅरिअरवर बसवून. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा त्यांनी घरी पेढे आणले होते. तिसऱ्या दिवशी महाल भागातल्या घरी बंगईवर बसून त्यांनी विचारलं, “हे काय करून राहिली तू? खरं वाटते का तुला?”

मी म्हटलं, पत्त्यांना उद्याचं कळतं असं मला नाही वाटत. पण माणूस चित्रासमोर बसला की जे एरवी बोलत नाही ते बोलतो, हे मी पाहिलं आहे. 

“हे इजिप्तचं प्राचीन ज्ञान आहे म्हणतात, ते?” 

मी तोवर तेच धरून होते, कारण सगळीकडे तेच सांगतात. त्यांनी विचारलं म्हणून शोधलं. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव होता, हुकमाच्या डावासारखा. इजिप्तची गोष्ट १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने छापली, आणि तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती. भविष्य पाहण्याचा प्रकार अठराव्या शतकात जोर धरू लागला. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा डबा हातात घेऊन एकेक पत्ता पाहत बसले. मला वाटतं शिकणाऱ्याने हे पहिल्या महिन्यातच वाचून घ्यावं. आपल्या हातात काय आहे ते खरं माहीत असलं की खोटा दरारा जातो, आणि दरारा गेला की चित्र दिसतं.

उलट्या पत्त्यांबद्दल फार लिहीत नाही. पिसताना काही पत्ते डोकं खाली होऊन येतात, त्यांचे वेगळे अर्थ सांगितले आहेत, वेट यांनीही दिले आहेत. अठ्ठ्याहत्तर सुलटे नीट दिसत नाहीत तोवर आणखी अठ्ठ्याहत्तर उलटे कशाला वाढवायचे? मी पहिलं दीड वर्ष सगळे सरळ करून घेतले. आजही बहुतेक वेळा तसंच करते.

सोळा दरबारी पत्ते, राजा, राणी, घोडेस्वार आणि हुजऱ्या, हेही सगळ्यांना नडतात. हा माणूस आहे, की वागण्याची तऱ्हा, की मीच? मला त्यावर ओळखीच्या माणसांचा उपयोग झाला. चार घोडेस्वारांत नाण्यांच्या स्वाराचा घोडा जागचा हलत नाही, चारी पाय जमिनीवर. आमच्याकडे लुनावरून घरोघरी सॅम्पल आणणारे एक काका होते. पाऊस असो, मार्बतीची मिरवणूक असो, ते आले नाहीत असं झालं नाही, आणि कुणी त्यांना घाई करताना पाहिलं नाही. तो पत्ता आला की मला आधी लुना दिसते. मग विचारते, तुमच्या प्रश्नात असं कोण आहे? उत्तर बहुतेक लगेच येतं.

आता जे सांगते ते मला सांगायला जड जातं, पण शिकणाऱ्यांच्या सगळ्यात जास्त रात्री यातच जातात. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं. २०२३च्या उन्हाळ्यात माझ्या मुलाची प्रवेश परीक्षा होती. निकालाच्या आदल्या रात्री मी पत्ता काढला, टॉवर आला. वीज पडलेला मनोरा, खाली कोसळणारी दोन माणसं. पुन्हा पिसले. पुन्हा काढला. रात्री अकरापासून दोनपर्यंत मी नऊ वेळा काढले असतील, आणि नवव्यांदा सूर्य आला तेव्हा जाऊन झोपले. सकाळी लॅबमध्ये मशीन सुरू केलं. रोज पहिल्यांदा कंट्रोल चालवायचा असतो, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. तो रेंजच्या बाहेर गेला तर कारण शोधायचं. रेंजमध्ये येईपर्यंत तोच तोच चालवत राहायचं नाही, कारण कधीतरी तो आत येईलच, आणि ते येणं खोटं असेल. ही गोष्ट मी शिकाऊ मुलांना दर वर्षी शिकवते. त्या सकाळी कंट्रोलची बाटली हातात धरून मी बराच वेळ उभी होते.

तेव्हापासून नियम आहे. एका प्रश्नाला एकदाच. आणि मुलासाठी मी पत्ते काढत नाही. स्वतःच्या माणसासाठी पाहताना मला चित्र दिसत नाही, मला हवं ते दिसतं. हे माझं आहे, दुसऱ्या कुणाला जमतही असेल.

भीतीच्या पत्त्यांचं म्हणाल तर मृत्यूचा पत्ता आपल्याकडे जास्तच लागतो. त्याचा क्रमांक तेरा. विदर्भात तेरा म्हटलं की तेरवी. घोड्यावर सांगाडा, खाली पडलेला राजा, समोर हात जोडलेला धर्मगुरू. कुणी समोर बसलेलं असताना हा पत्ता निघाला की माझेच हात गार पडायचे, आणि मी घाईघाईने म्हणायची, “नाही नाही, याचा अर्थ मरण नाही, बदल.” त्या घाईनेच समोरचा जास्त घाबरतो. आता मी तेरवीचंच विचारते. तेरवीला घरात काय होतं? गोडाचं जेवण होतं, लोक जेवून जातात आणि चौदाव्या दिवशी माणसं कामाला लागतात. त्या पत्त्यात मागे दूर दोन मनोऱ्यांच्या मध्ये सूर्य आहे, आणि घोड्यासमोर एक लहान मूल गुडघ्यावर बसलं आहे. ते घोड्याकडे सरळ पाहतंय. काय संपलं आहे आणि त्याची तेरवी अजून व्हायची राहिली आहे, असं विचारलं तर माणसं खूप खरं बोलतात.

पण खऱ्या मरणाचं, आजाराचं, गरोदरपणाचं मी पाहत नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. एक ओळखीची बाई गाठ घेऊन आली होती, डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितलं होतं. “करू का नको, पत्ते पाहून सांग.” मी डबा बंद केला, कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून तिच्यासोबत दवाखान्यात गेले. या बाबतीत शिकणाऱ्याने जराही डगमगू नये. तुमच्या एका वाक्यावर कुणाचा महिना गेला तर तो परत आणता येत नाही.

आता एका नावेचं सांगते, त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

२०२४च्या जूनमध्ये, मिरग लागला होता तेव्हा, लॅबमध्ये नेहमी येणारी एक बाई माझ्याकडे आली. अंबाझरी तलावाच्या सांडव्याच्या खालच्या अंगाला तिचं तळमजल्याचं घर. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूर विसरलेलं नाही. काही तासांत एवढा पाऊस पडला की अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. हिच्या घरी महालक्ष्म्या उभ्या होत्या, सोळा भाज्यांची, पुरणाची भांडी तशीच मोरीत होती. पाणी पलंगाला लागलं तेव्हा जाग आली. सकाळी जवानांच्या नावेतून बाहेर काढलं.

तिचा प्रश्न होता, घर विकायचं की ठेवायचं. मी एकच पत्ता काढला. तलवारींची छक्की.

माझ्या जिभेवर पाठ केलेला अर्थ आलाच होता. प्रवास, स्थलांतर, बरे दिवस. मी तो गिळला आणि पत्ता तिच्याकडे फिरवून ठेवला. एक नाव आहे. मागे उभा राहून एक माणूस ती बांबूने ढकलतो आहे. पुढ्यात एक बाई डोक्यावरून पांघरूण घेऊन बसली आहे, शेजारी एक लेकरू. सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे, कुणाचं तोंड दिसत नाही. नावेच्या एका बाजूचं पाणी लहरींचं, दुसऱ्या बाजूचं गुळगुळीत. आणि नावेच्या तळात सहा तलवारी उभ्या रोवलेल्या.

ती खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी अशीच बसली होती. मागे वळून पाहिलं नाही. मांडीवर उशीच्या खोळीत महालक्ष्म्यांचे मुखवटे होते.”

मीही बोलले नाही. लॅबमधली ती कोऱ्या चेहऱ्याची सवय मी त्या दिवशी मुद्दाम बाजूला ठेवली. तिने पहिल्या तलवारीवर बोट ठेवलं. “हे घराचं कर्ज.” दुसरीवर, “ही माझी शिलाई मशीन, पाण्यात गेली, अजून घेतली नाही.” तिसरीवर, “सासूबाई. त्या म्हणतात याच घरात मरणार.” चौथीवर, “पोरगी. पाऊस आला की झोपत नाही, सारखी दार उघडून पाहते.” पाचवीवर आणि सहावीवर तिने बोट ठेवलं, पण काय ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मग तिने मला विचारलं, “ताई, या तलवारी उपसल्या तर नावेत पाणी शिरेल ना?”

तो पत्ता मी तोवर शंभरदा तरी पाहिला असेल. तलवारी नावेच्या तळातून आरपार आहेत का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही, पण तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, “काठाला लागल्यावर उपसायच्या. आत्ता नाही.” पदर सावरला, उठली. बाहेर ढग भरून आले होते, तिला पोरगी शाळेतून यायच्या आत घरी पोचायचं होतं. त्या पावसाळ्यात त्यांनी घर विकलं नाही. दिवाळीनंतर तिने मशीन घेतली, हे मला ती थायरॉइडची तपासणी करायला आली तेव्हा कळलं.

त्या दिवशी मी जवळजवळ काहीच केलं नाही, आणि मला आलेलं सगळ्यात चांगलं वाचन तेच आहे. ‘प्रवासाचा योग’ म्हटलं असतं तर ती तलवारी मोजायच्या आधीच उठून गेली असती. शिकणाऱ्याला गप्प बसणं फार कठीण जातं. आपल्याला येतं हे दाखवायची ओढ असते, आणि समोरची शांतता आपल्याला आपली चूक वाटते. माझ्या वहीत आता पत्त्यांच्या अर्थांपेक्षा लोकांनी काय पाहिलं हेच जास्त लिहिलेलं आहे. अठ्ठ्याहत्तर पानं केली आहेत, एकेका पत्त्याला एक. काही अजून कोरी आहेत.

काकू अजूनही येतात. थोरल्याचं लग्न दोन वर्षांनी झालं, सून कळमेश्वरची आहे. परवा गुरुवारी दुपारी आल्या, म्हणाल्या, “आज तू काही सांगू नको. मी पाहतो, तू लिही.” चष्मा पुसला आणि स्वतःच डब्यातून एक पत्ता ओढला. हर्मिट निघाला. राखी झग्यातला म्हातारा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कंदील, पायाखाली बर्फाचं टोक. मी त्याला चार वर्षं ‘एकांत, आत्मशोध’ म्हणून ओळखत होते.

“हे त आमचे बाबा होय,” काकू म्हणाल्या. “रातच्याले लाइन आली की असेच निघत, संत्र्याले पाणी द्याले. माय म्हणे घोंगडं घ्या, त घेऊन जात.”

मी लिहीत होते. त्यांनी पत्ता खिडकीच्या उजेडात धरला.

“पाह्य वं, कंदील समोर धरला, पण पाहून राहिला खाली. रातच्याले वावरात असंच चालतात. पाय ठेवाची जागा पाहा लागते, साप असते.”

मी पत्ता हातात घेतला. खरंच, त्याची मान खाली होती.